सनद आणि बिऱ्हाड

२०२४ सालच्या नवरात्रातील ही गोष्ट. आम्ही सहकुटुंब चोर्ल्याच्या घाटाने कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या दर्शनाला गेलो होतो. बरोबर आमची थोरली बहीण होती. तिला आम्ही आक्का म्हणतो, आणि तिच्या शब्दापुढे शब्द काढण्याची आमच्या घरात पद्धत नाही. सभामंडपात गर्दी पुष्कळ होती, बाहेर आश्विनाचे ऊन तापले होते, आणि रांगेत उभ्या असलेल्या एक वृद्ध बाई एकाएकी घेरी येऊन खाली कोसळल्या. भोवती माणसांचे कडे पडले. कोणी पाणी मागू लागले, कोणी कांदा शोधू लागले, कोणी देवीचा अंगारा आणायला धावले.

आक्काने पदर खोचला. दोन्ही हातांनी माणसे मागे सारली, बाईंना आडवे निजवले, त्यांचे पाय एका पिशवीवर उंच ठेवले आणि मनगटावर बोटे ठेवून घड्याळाकडे पाहिले. मग बाईंच्या सुनेला तिने तीनच प्रश्न विचारले: मधुमेह आहे काय, सकाळची गोळी घेतली काय, आणि पोटात काही गेले आहे काय. उपवास कडक होता. गोळी मात्र नेमाने घेतलेली होती. बाईंनी डोळे उघडले आणि घोट गिळता येतो अशी खात्री झाली, तेव्हा आक्काने प्रसादाची साखर पाण्यात विरघळवून त्यांना थोडी थोडी पाजली आणि कोणाला तरी गाडी आणावयास पिटाळले. थोड्याच वेळात बाई भिंतीला टेकून बसल्या व बोलू लागल्या.

देवस्थानचे एक कार्यकर्ते हे सारे पाहत उभे होते. त्यांनी आदराने विचारले, "आपण डॉक्टर का?"

आक्का पदर सारखा करीत म्हणाली, "छे हो, मी घरीच असते."

आम्ही व्यवसायाने वकील. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून खोटे बोलणारी माणसे आम्ही गेली वीस-बावीस वर्षे पाहत आलो आहोत, आणि ते ऐकून आमच्या मनाला आता फारसा धक्का बसत नाही. पण देवीसमोर उच्चारलेल्या त्या चार शब्दांनी आम्ही खजील झालो. कारण ते विधान पुरते खरे नव्हते, आणि ते तिच्या तोंडी येण्यास जी माणसे जबाबदार होती त्यांत आमचेही नाव होते.

आक्काने १९९० साली कोल्हापुरास परिचर्येचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला. बेळगावच्या मुलींना कोल्हापूर म्हणजे काही परदेश नव्हे. महाराष्ट्राच्या नोंदवहीत तिचे नाव चढले, प्रमाणपत्र मिळाले आणि वडिलांनी ते काचेच्या चौकटीत बसवून माजघरात लावले. आमच्या घराण्यातल्या बाईमाणसाच्या नावाचा तो पहिला सरकारी कागद. १९९३ साली तिचे लग्न झाले. भावोजी सैन्याच्या संदेश-विभागात होते. लग्नानंतर चौकट उतरली आणि कागद भावोजींच्या काळ्या पत्र्याच्या पेटीत गेला. सैनिकाच्या घरातली ही पेटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे वर्णन नको. पांढऱ्या रंगात नाव व नंबर, कडी, कुलूप, आणि दर दोन-तीन वर्षांनी रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून प्रवास.

पुण्यास असेतो सर्व ठीक चालले, कारण नोंदवही तीच. आक्का एका इस्पितळात रात्रपाळीही करीत असे. पुढे जबलपूरचे क्वार्टर मिळाले आणि तिला कळले, की मध्य प्रदेशात काम करावयाचे तर तेथील नोंदवहीत नाव हवे. त्यासाठी मूळ परिषदेचा ना-हरकत दाखला हवा, प्रमाणपत्र खरे असल्याची ग्वाही एका परिषदेने दुसऱ्या परिषदेस परस्पर कळवावयास हवी, शिकलेल्या संस्थेचे पत्र हवे, शुल्क हवे. आणि सर्वांत अवघड म्हणजे, प्रमाणपत्रावर माहेरचे नाव आणि बाकी कागदांवर सासरचे, तेव्हा या दोन्ही बाया एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र हवे. लग्नात तांदळावर अंगठीने लिहिलेले नाव मंगल खरे, पण ते कार्यालयात किती महाग पडते, हे त्या वेळी कोणाच्याही ध्यानात येत नाही. हे सारे व्हायला अकरा महिने लागले. मग तिने आठ महिने काम केले, आणि भावोजींची बदली झाली.

पुढचे ठाणे सिकंदराबाद. राज्य निराळे, परिषद निराळी, पुन्हा तोच दाखला, तीच ग्वाही, तेच प्रतिज्ञापत्र. एका खासगी इस्पितळाने तिला घेतले, पण नोंदणी नाही म्हणून 'मदतनीस' या नावाखाली आणि निम्म्या पगारावर. काम मात्र पूर्ण परिचारिकेचे. २००३ साली तिने आम्हास पत्र लिहिले. आम्ही तेव्हा नुकतेच वकील झालो होतो. तिने लिहिले होते, "तू आता कायदा शिकलास. या कागदांचे काही जमते का पाहा. येथे विचारायला माणूस नाही."

आम्ही काय उत्तर पाठवले ते आम्हास दुर्दैवाने शब्दशः आठवते. आम्ही लिहिले, "आक्का, नियम तो नियम. प्रत्येक राज्याची वही वेगळी, त्याला इलाज नाही. कागद होईतो भावोजींची पुन्हा बदली होईल. घरात पगार येतो आहे, मुलगी लहान आहे. कशाला हा व्याप मागे लावून घेतेस?" त्यावर तिचे कार्ड आले. त्यात आरंभी "बरे" एवढा एकच शब्द या विषयावर होता. पुढे वडिलांची प्रकृती व लोणच्याची बरणी यांविषयी मजकूर होता. सिकंदराबादनंतर अंबाला झाले. तेथे तिने अर्जच केला नाही. २००६ नंतर तिच्या मूळ नोंदणीचे नूतनीकरणही झाले नाही.

आता त्याच २००६ सालातली दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून आमचा अपराध पुरा होत नाही. आम्ही कायद्याची परीक्षा कोल्हापुरास दिली होती आणि सनद महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची घेतली होती. वडिलांच्या आजारपणामुळे आम्हास बेळगावास परतावे लागले. बेळगाव कर्नाटकात, तेव्हा आमचे नाव त्या राज्याच्या वहीत जावयास हवे होते. आम्ही १९६१ चा वकिलांचा कायदा उघडला. कलम १८. एका राज्याच्या वहीतून दुसऱ्या राज्याच्या वहीत नाव नेण्याची इच्छा असलेल्या वकिलाने अर्ज करावा. त्याच्याविरुद्ध शिस्तभंगाचे प्रकरण प्रलंबित नसेल आणि अर्जात लबाडी नसेल, तर अखिल भारतीय परिषदेने कोणतेही शुल्क न घेता नाव हलविण्याचा आदेश द्यावा. आणि त्याची ज्येष्ठता जशीच्या तशी राहावी. कलम वाचून आम्ही कायदेकर्त्यांच्या दूरदृष्टीची तारीफ केली, अर्ज केला, आणि यथाकाल कर्नाटकाचे वकील झालो. तीन वर्षांपूर्वी बहिणीला "नियम तो नियम" असे लिहिणारे आपणच, हे त्या दिवशी आमच्या मनातही आले नाही.

वकिलांच्या जातीने स्वतःसाठी केवढा रुंद दरवाजा करून घेतला आहे, आणि परिचारिकेला, शिक्षिकेला तोच दरवाजा किती अरुंद आहे, हे आम्हास कळावयाला पुढे अठरा-एकोणीस वर्षे जावी लागली. आणि ते आम्हास शिकविले आमच्या भाचीने, तेही अमेरिकेतून.

आक्काची मुलगी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेली, तेथेच शाळेत शिक्षिका झाली, आणि तिने लग्न केले ते हैद्राबादकडील एका मराठी घराण्यातल्या, पण तेथेच जन्मलेल्या मुलाशी. जावईबापू अमेरिकेच्या सैन्यात आहेत. आईच्या कपाळीचे बदलीचे लेणे असे सात समुद्रांपलीकडे मुलीच्याही कपाळी आले. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांची नेमणूक पश्चिमेकडील राज्यातून दक्षिणेकडील एका राज्यात झाली, तेव्हा भाचीचा फोन आला. "मामा, इकडे शिक्षिकेचा परवाना राज्याराज्याचा वेगळा असतो. मला एका अर्जाचा मसुदा पाहून हवा आहे." तिने मसुद्याबरोबर कायद्याचे कलमही पाठवले. परक्या देशाचा कायदा. आम्ही तेथे सल्ला देण्यास पात्र नाही, हे तिला सांगितले. पण कुतूहलाने वाचू लागलो, आणि एका कलमातून दुसऱ्यात असे करीत चार रात्री जागलो.

अमेरिकेत व्यवसायाचा परवाना हा मुळातच राज्यांचा अधिकार. १८८९ साली डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकाचा परवाना सक्तीचा करण्याचा राज्याचा हक्क मान्य केला. हेतू चांगला होता. भोंदू वैद्यांपासून रोग्यांचे रक्षण व्हावे. पण पुढे परवान्यांची वेल वाढत गेली. १९५० च्या सुमारास तेथील वीस कामगारांत एकाला परवाना लागत असे. २०१५ च्या राष्ट्राध्यक्ष-कार्यालयाच्या अहवालाप्रमाणे हे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या वर गेले होते. वैद्य व वकील राहोतच. केस कापणाऱ्यांपासून सारे त्यात आले, आणि प्रत्येक राज्याचे तास, परीक्षा व शुल्क निराळे.

एका गावी जन्म काढणाऱ्याला याचा काच नाही. काच आहे तो वारंवार राज्य बदलणाऱ्याला, आणि असे माणूस सैनिकाच्या घरात असते. २०१२ साली तेथील अर्थखाते व संरक्षणखाते यांनी मिळून एक अहवाल काढला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, नोकरी करणाऱ्या वा शोधणाऱ्या सैनिकपत्नींपैकी सुमारे ३५ टक्के परवाना वा प्रमाणपत्र लागणाऱ्या व्यवसायांत होत्या. दुसरी, वर्षाच्या आत राज्य ओलांडण्याचा प्रसंग त्यांच्यावर इतर नागरिकांच्या दहापट येत होता. संरक्षणखात्याच्याच २०२१ च्या पाहणीत सैनिकांच्या जोडीदारांमधील बेकारी २१ टक्के आढळली. (जोडीदारांत पुरुषही असतात, पण स्त्रियांची संख्या फार मोठी, म्हणून आम्ही 'सैनिकपत्नी' म्हणतो.)

यावर त्यांनी काय केले? आधी राज्यांची मनधरणी केली. राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या पत्नी मिशेल ओबामा आणि उपराष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या पत्नी जिल बायडन यांनी २०११ पासून या कामी राज्यपालांच्या मागे धोशा लावला, आणि २०१६ पर्यंत पन्नासही राज्यांनी काही ना काही सवलत दिली. कोठे तात्पुरता परवाना, कोठे अर्जाचा त्वरित निकाल. परिचारिकांसाठी राज्याराज्यांत करार २००० सालीच सुरू झाला होता, आणि त्यात आता चाळीसहून अधिक प्रदेश आहेत. करारातील एका राज्याचा बहुराज्यीय परवाना असलेली परिचारिका दुसऱ्यात थेट काम करू शकते. अॅरिझोनाने २०१९ साली याहून पुढे जाऊन, तेथे राहावयास येणाऱ्या कोणाचाही परराज्याचा परवाना सामान्यतः ग्राह्य धरण्याचा कायदा केला. नव्या परवान्याचा खर्च सैन्याने भरून द्यावा अशीही तरतूद झाली. आधी ५०० डॉलरपर्यंत, मग १००० डॉलरपर्यंत.

पण मनधरणीने मिळालेली सवलत ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते. म्हणून २०२३ च्या जानेवारीत सैनिकांच्या दिवाणी संरक्षणाच्या मध्यवर्ती कायद्यात एक नवे कलम घातले गेले. त्याचा मथितार्थ असा: सैनिकी हुकमामुळे राज्य बदलावे लागले, तर सैनिकाचा वा त्याच्या जोडीदाराचा आधीच्या राज्याचा परवाना, त्या नेमणुकीच्या काळापुरता, नव्या राज्यातही तशाच कामासाठी ग्राह्य मानावा. मूळ कलमात अटी होत्या. हुकमाची प्रत द्यावी; परवाना गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष वापरलेला असावा; त्यावर कोणता डाग नसावा; आणि वर्तन, शिस्त व पुढील शिक्षण यांबाबत नव्या राज्याच्या मंडळाची हुकमत मान्य करावी. टेक्ससमधील एका शाळेच्या समुपदेशिकेने, जिचे यजमान वायुदलात होते, त्याच वर्षी या कलमाखाली मध्यवर्ती न्यायालयात दाद मागितली. सरकारच्या न्यायखात्याने तिच्या बाजूने निवेदन दिले, आणि न्यायालयाने तिला न्याय दिला. २०२४ च्या डिसेंबरात कलमाची दुरुस्ती झाली व अर्जाची रीत ठरून गेली: हुकमाची प्रत, विवाहाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र.

विवाहाचा दाखला! आमच्या आक्काला सासरचे नाव ज्या कागदाने नडले होते, तोच कागद येथे दार उघडीत होता.

आणि वाचकहो, त्या मूळ कलमात एक अपवाद होता. तो वाचून आम्ही एकटेच हसलो. सर्व व्यवसायांचे परवाने चालतील, एक वकिलीचा सोडून! स्वतःसाठी आडोसा ठेवण्याची कला आमच्या व्यवसायाला सर्व खंडांत सारखीच अवगत आहे. येथे आम्ही आपल्यासाठी दार रुंद केले, तेथे त्यांनी बाहेरून येणाऱ्यांसाठी ते लावून घेतले. दोहोंत हित पाहिले ते आतल्यांचेच.

भाचीने अर्ज केला. कार्यालयातून आधी "नव्याने परीक्षा द्यावी लागेल" असे छापील उत्तर आले. तिने वाद घातला नाही. कलमाचा क्रमांक व तीन कागद पुन्हा पाठवले. काही आठवड्यांत तिला मान्यता मिळाली आणि शाळा उघडली त्या दिवशी ती वर्गात उभी होती. त्या रात्री ती फोनवर आनंदाने बोलत होती. बोलता बोलता तिने सहज विचारले, "मामा, आईच्या वेळी असे काही नव्हते का?"

आम्ही तिला उत्तर दिले, की असा कायदा नव्हता. पण वाट होती. लांबची, काट्यांची, परंतु होती. ती वाट चालायला तुझ्या आईला एका माणसाची सोबत हवी होती, आणि तो माणूस मी होतो. भाची बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे तिला सांगितलेत का?"

सांगितले नव्हते.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली नाही तर आमची वकिली फुकट. परवाना म्हणजे निव्वळ अडवणूक नव्हे. परिचारिकेच्या हातात रोग्याचा प्राण असतो. कोणी एका राज्यात गैरवर्तनामुळे काढून टाकलेला माणूस दुसऱ्या राज्यात पाटी लावून बसू नये, यासाठी विचारपूस हवीच. एखादे राज्य शिक्षणाची पातळी उंच ठेवते, त्याने ती का उतरवावी, हाही प्रश्न रास्त आहे. पण नीट पाहिले तर या आक्षेपांचे निरसन त्या कलमातच आहे. डाग नसावा ही अट आहे. नव्या मंडळाची शिस्त लागू आहे. सवलत नेमणुकीपुरतीच आहे. अट ठेवणे वेगळे, आणि एकदा सिद्ध झालेली गोष्ट दर तीन वर्षांनी पहिल्यापासून सिद्ध करावयास लावणे वेगळे. न्यायशास्त्रात एकदा निर्णीत झालेला वाद पुन्हा चालवू नये असे तत्त्व आहे. बिचाऱ्या सैनिकपत्नीच्या विद्येलाच ते का लागू नसावे?

शिवाय हे स्थलांतर तिच्या इच्छेचे नसते. व्यापारी नफ्यासाठी गाव सोडतो, विद्यार्थी विद्येसाठी. सैनिकाचे बिऱ्हाड हलते ते राष्ट्राच्या हुकमाने. हुकूम देणारे राष्ट्र एक, आणि त्या हुकमाची किंमत वसूल करणारी कार्यालये अनेक, हा न्याय नव्हे. संसारात एकाचीच कमाई उरते ती अशाने. आणि पुष्कळदा कमाईहून मोठी गोष्ट जाते, ती म्हणजे आपण काही जाणतो ही जाणीव. "मी घरीच असते" हे वाक्य त्या जागी येऊन बसते.

आपल्याकडे ही गोष्ट अमेरिकेपेक्षा सोपी व्हावयास हवी. तेथे परवान्याचा अधिकार राज्यांचा. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विधी, वैद्यक व इतर व्यवसाय हा विषय समवर्ती सूचीत, २६ व्या क्रमांकावर आहे. म्हणजे संसदेने मनात आणले तर तिचा हात कोणी धरलेला नाही. कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिले आहे, आणि पात्रतेची अट घालण्याची मुभाही त्याच अनुच्छेदाने ठेवली आहे. परिचर्येसाठी १९४७ चा मध्यवर्ती कायदा होता, महाराष्ट्राचा १९६६ चा होता. वह्या मात्र राज्याराज्यांच्या. २०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसूतिसेवा यांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि त्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. ही चांगली गोष्ट होय. पण सैनिकाच्या बदलीचा उच्चार कोठेतरी स्पष्ट व्हावा असे आम्हास वाटते. मागणे फार नाही. बदलीचा हुकूम हाच पुरेसा आधार मानावा. दोन परिषदांची परस्पर ग्वाही येईतो जुनी नोंदणी तात्पुरती चालू द्यावी. नावाच्या फरकासाठी विवाहाचा दाखला पुरे समजावा. आणि वकिलांना जे शुल्काविना देऊ केले आहे ते परिचारिकेलाही द्यावे. शिक्षिकांचाही हाच प्रश्न आहे. शिक्षक-पात्रता-परीक्षा राज्याची दिली असेल तर ती त्या राज्यापुरती. केंद्राची दिली असेल तरच केंद्रीय विद्यालयांचे दार उघडते. पहिल्या नेमणुकीच्या गावी कोणती परीक्षा द्यावी हे सांगणारा माणूस भेटला, तर पुढची वीस वर्षे वाचतात.

आमच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. आपण देवळाभोवती जमणारी माणसे आहोत, आणि आपली देवळे हीच मुळी स्थलांतराची आठवण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. नदी ओलांडून फोंड्याच्या बाजूस, जेथे तो अंमल पोचला नव्हता, तेथे भक्तांनी रातोरात देव नेले. जागा बदलली म्हणून देवाचे देवपण कोणी पुन्हा सिद्ध करावयास लावले नाही. भक्तांनी नव्या जागी तीच आरती म्हटली. आपले पूर्वज त्यानंतर बेळगाव, कारवार, इंदूर, बडोदे असे विखुरले, आणि जेथे गेले तेथे त्यांची विद्या, त्यांचे लेखणीचे कसब यांना मान मिळाला, म्हणून आपण आज आहोत तेथे आहोत. ज्यांच्या घराण्याचा इतिहास असा, त्यांनी तरी बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेल्या बाईला "तुझी विद्या मागल्या गावी राहिली" असे म्हणू नये.

भाचीच्या प्रश्नानंतर आठवड्याने आम्ही आक्काकडे गेलो. भावोजी निवृत्त होऊन त्यांनी बेळगावातच घर केले आहे. भावोजी फिरावयास गेले होते. आम्ही २००३ च्या पत्राची गोष्ट काढली, आमचे चुकले असे सांगितले, आणि वेळ गेलेली असली तरी नोंदणीचे नूतनीकरण करून घेऊ, कागद आम्ही करतो, असेही म्हणालो. आक्का तांदूळ निवडीत होती. ती निवडीतच राहिली. मग म्हणाली, "तुझे पत्र आले त्या दिवशी मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी वाटले, हा म्हणतो तेच खरे असेल, वकील आहे." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "राग राहिला असता तर बरे झाले असते. मी अर्ज तरी केला असता."

यावर आम्हास उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही.

मग तिने ताट बाजूस ठेवले. "माझे राहू दे. छप्पन वर्षांची झाले. तुला कागद करायचेच असतील तर एका मुलीचे कर." कॅम्पाच्या बाजूला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात ज्यांचे यजमान नेमणुकीवर आले आहेत अशी सातारा जिल्ह्यातली एक मुलगी मंगळवारी देवळात भेटते, ती नर्स आहे, महाराष्ट्राची नोंदणी आहे, आणि सहा महिने घरी बसून आहे, असे तिने सांगितले. "तिच्या नावाचाही घोळ आहे," आक्का म्हणाली, "माझ्यासारखाच."

ते कागद आम्ही केले. एका परिषदेस चार पत्रे, दुसरीस तीन, एक प्रतिज्ञापत्र, एकदा बेंगळूरची फेरी. साडेचार महिने लागले. आम्ही कायदा जाणणारे, पक्षकाराचे पैसे न घेता मागे लागलेले, तरी साडेचार महिने; मग एकट्या मुलीची काय कथा! पण प्रमाणपत्र आले, आणि यजमानांची बदली व्हायला अजून दोन वर्षे आहेत.

मुलगी पेढे घेऊन प्रथम आक्काकडे गेली. आम्हीही तेथेच होतो. आक्काने चष्मा लावला, प्रमाणपत्र उजेडात धरले, आणि नाव, क्रमांक, तारीख यांवरून एकेक करून बोट फिरवले. मग कागद परत देत तिला म्हणाली, "नाव बरोबर आहे. पुढची बदली निघायच्या आधी याच्या चार प्रती साक्षांकित करून ठेव. आणि पेटीत तळाशी नको, वरती ठेव."